म्यूट केलेला साळा आणि गाभण म्हैस

साळ्याचा अकरावा फोन आला आणि तोही मी बाणेदारपणे कापला.

परवाच त्याला मी ‘म्यूट’ केलं होतं. म्हणजे ग्रुपवर वाचता येतं, लिहिता येत नाही. बालाघाटच्या एका मोठ्या ऑनलाइन ग्रुपचा मी मॉडरेटर. कोणती पोस्ट ठेवायची, कोणती काढायची, हे बघायचं. पगार शून्य, शिव्या रोज. पोटापाण्यासाठी पंखे-कूलरचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक ताटकळतं आणि मी पोस्टी तपासतो.

साळा दिलीप किरनापुरला राहतो. रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकून ‘सुप्रभात’ लिहायचा. नियमात बसत नाही. तीनदा समजावलं, मग सात दिवस म्यूट. ‘मॉडरेटर असावा तर असा!’ लोकांनी लिहिलं. मी ते बायकोला वाचूनही दाखवलं. तिनं लाटणं जरा जोरात आपटलं, एवढंच.

त्याच दिवशी किरनापुरकडच्या सुमनबाईंची पोस्ट आली. गाभण म्हैस हरवली होती. घरात तेवढं एकच जनावर. खाली मोबाइल नंबर. नंबर दिसला की फसवणारे फोन करतात, म्हणून नंबर टाकायचा नाही, हा माझाच नियम. मी पोस्ट परत पाठवली. बाईंनी बिनानंबरची टाकली. दोन दिवस ‘सापडो बाप्पा’ यापलीकडे कमेंट नाही.

मी कापलेला फोन आता बायकोच्या मोबाइलवर वाजला. मी जेवत होतो. तिनं स्पीकर लावला.

“भाऊजी, मले सोडू नका म्यूटमधून, पण आयका तर! ते म्हैस माझ्या अंगणात बांधून हाय. दोन दिवसापासून माझी वैरण खाऊन राह्यली!”

“मग कमेंट काहून नाई केली?”

“कशी करू जी? तुमीच तर तोंड शिवलं माझं!”

“बाईले फोन करायचा.”

“नंबर कुठं हाय पोस्टमध्ये?”

बायको म्हणाली, “हौ, सांगा आता. कोनं काढाले लावला?”

परत पाठवलेली पोस्ट मॉडरेटरला दिसते. तिच्यातून नंबर घेतला, हात धुवायच्या आत फोन लावला. संध्याकाळी सुमनबाई म्हैस घेऊन गेल्या. जाताना म्हशीच्या गळ्यात पडून रडल्या, असं दिलीपनं सांगितलं. मी त्याचं म्यूट काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पोस्ट आली. म्हशीचा फोटो, कोपऱ्यात गुलाब, खाली ‘सुप्रभात’.

नियमाप्रमाणे काढायला हवी होती. बायको समोरच उभी होती. मी ती पिन केली, म्हणजे ग्रुपच्या अगदी वर लावली.

या बिनपगारी नोकरीत एवढं शिकलो: म्यूट कुणालाही करावं, फोन मात्र उचलावा.