डावीकडे न वळणारी गाडी

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून माझी पाठ अशी झाली आहे, की मी सरळ उभा असलो तरी लोक विचारतात, "मास्तर, खाली काही पडलं का?" दुकानात आम्ही दोघंच, मी आणि बायको. मी कापड कापतो आणि मशीन चालवतो. काज, बटणं, हातशिलाई आणि माझ्या चुका यांचं खातं तिच्याकडे. पाठीमागे गिऱ्हाइकं मला 'अर्धा इंच' म्हणतात. कारण कोणी कितीही मोठी तक्रार आणली तरी माझं उत्तर ठरलेलं असतं: "फार तर अर्ध्या इंचाचा फरक असेल हो."

पाठ फारच बोलायला लागली तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला खिडकीतून मोटारसायकलवर येताना पाहिलं होतं.

"दिवसभर मशीनवर वाकता, मग घरी जाताना गाडीवर वाकता. पाठीने सरळ व्हायचं कधी? गाडी सोडा, नाहीतर हँडल उंच करून घ्या."

गाडी सोडणं शक्य नव्हतं. सासऱ्यांनी आयुष्यात माझी एकदाच स्तुती केली होती, तीही 'गाडी बरी ठेवली आहे' अशी. म्हणून रायझर आणले. हँडलच्या खाली बसवायचे दोन ठोकळे, सोबत लांब बोल्ट. गॅरेजवाला म्हणाला, "गुरुवारी या. ठोकळे काय, चहा पिता पिता बसतील. पण हँडल वर गेलं की ब्रेकची नळी आणि वायरी पुरतात का, ते नीट बघावं लागतं."

जन्मभर गळ्यात टेप घालून फिरणाऱ्या माणसाला हा लांबी शिकवणार! मी रविवारीच दुकानामागच्या अंगणात बसलो. हँडल सोडवून टाकीवर ठेवलं. टाकीला ओरखडा नको म्हणून खाली कोटाचं अस्तर अंथरलं. ठोकळे बसवले, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. इथपर्यंत खरंच शाबासकीचं काम होतं. मग हँडल सरळ धरून ब्रेकच्या नळीला टेप लावली. अंगठ्याएवढी ढील होती. "भरपूर!" मी स्वतःला सांगितलं. गिऱ्हाईक म्हणून माझं स्वतःशी नेहमीच चांगलं जमतं.

मोठ्या रस्त्यावर राजासारखा निघालो. छाती पुढे, पाठ ताठ. तिथे हँडल फारसं फिरवावंच लागत नाही, त्यामुळे काही कळलं नाही. पण बटणांच्या होलसेल दुकानाची गल्ली डावीकडे काटकोनात आत जाते. मी हँडल वळवलं, ते अर्ध्यावर आलं आणि हटून बसलं. शिवाय इंजिन आपणहून गुरगुरायला लागलं. मी दोन्ही पाय टेकले. मागे पाण्याचे जार पोचवणारा टेम्पो थांबला होता. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"मास्तर, वळायचंय की इथेच राहायचंय?"

उतरलो, गाडी मागेपुढे करत वळवली. काहीतरी अडतंय, हे कळायला कारागीर असावं लागत नाही. पण कबूल करायला मोठं मन लागतं, आणि माझ्याकडे त्या मापाचं नव्हतं. मी गाडीला तेच सांगितलं, जे घट्ट पँटवाल्यांना सांगतो: "नवीन आहे, वापरून सैल होईल."

तोवर उपाय सोपा होता. उजवीकडे हँडल छान फिरत होतं, तेव्हा अरुंद गल्लीत उजवीकडेच वळायचं. माणूस उजवीकडे वळत राहिला तर कुठेही पोचतो, फक्त सगळीकडे जाऊन पोचतो. पुढचे काही दिवस मी ओळखीच्या गल्ल्यांना नव्या बाजूंनी भेटलो. एका संध्याकाळी बायको मागे बसली होती, मांडीवर कापडाचा गठ्ठा.

"अहो, हे पोस्ट मघाशीच गेलं ना?"

"ते दुसरं."

"त्याच्या पायरीवर तोच माणूस बसलाय. तोच पेपर वाचतोय."

मी पुन्हा उजवीकडे वळलो. तिसऱ्यांदा पोस्ट आलं तेव्हा तो माणूस आमच्याकडे बघून हसला. बायकोने त्याला नमस्कारही केला.

घरी आल्यावर तिने मला आत जाऊ दिलं नाही. "गाडी उभी करा. हँडल डावीकडे वळवा." ती पुढे उकिडवी बसली आणि ब्रेकची नळी दोन बोटांत धरली, जशी शिवण तपासताना धरते. मी वळवलं. नळी ताणली गेली, लहान झालेल्या कमरपट्ट्यासारखी.

"बाहीचं माप हात खाली सोडून घेता का?"

"नाही. कोपर वाकवून."

"का?"

"हात वाकवला की बाही वर चढते म्हणून."

"मग हिचा हात वाकवून बघायला काय झालं होतं? आणि माया? लहान मुलाच्या चड्डीत शिवणीला चार बोटं जास्तीची माया सोडता, ब्रेकच्या नळीत नाही? ती तुटली असती तर मला कुठल्या पोस्टात शोधायचं होतं?"

शेवटचं वाक्य बोलताना तिने नळी मुठीत गच्च धरली. तोवर मला सगळी गंमत वाटत होती. ती तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत गॅरेजला नेली. आता ब्रेकवर विसंबायचं नाही, असा घरातून हुकूम होता. गॅरेजवाल्याने नळी पाहिली, ॲक्सिलरेटरची वायर पाहिली. तीही ताणली जात होती, म्हणून तर इंजिन गुरगुरत होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुम्ही माझी एक पँट शिवली होती. घोट्याच्या वर राहिली. तुम्ही म्हणालात, फॅशन आहे."

"फार तर अर्ध्या—"

"मग ही नळीपण फॅशनच समजू?"

मी स्टुलावर बसलो आणि चहा मागवला. त्याने वायरीचा मार्ग बदलला, लांब नळी बसवली, ब्रेकचं नवं ऑईल भरून आतली हवा काढली. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, पुढचा भाग दाबून वरखाली केला, पुन्हा फिरवलं. ते काम बघताना मी एक शब्द बोललो नाही. त्याला काळजी वाटली. "बरं वाटत नाही का?" असं त्याने दोनदा विचारलं.

आता गाडी दोन्हीकडे वळते आणि पाठही पूर्वीपेक्षा बरी आहे. बायको मागे बसण्याआधी पुढे येते, हँडल डावीकडे पूर्ण फिरवते, उजवीकडे पूर्ण फिरवते, नळीला बोट लावते आणि मगच बसते. शेजारीपाजारी बघत असतात. मी हेल्मेट घालून, मान खाली घालून उभा असतो, ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकासारखा.