जर्मनीहून आलेल्या पाकिटाचा कोपरा

ती गोष्ट आठवली की आजही मला आधी लाज वाटते आणि मग हायसं वाटतं. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, फरारी माणसं रानातून शोधून आणली. पण गुन्हेगार इतका जवळ सापडल्याचं दुसरं प्रकरण मला ठाऊक नाही.

जर्मनीबरोबरची पहिली मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील. मी महाडला फौजदार होतो आणि पोलादपूरची चौकी माझ्याच हाताखाली होती. आठवड्यातले दोन दिवस मी तिथे बसत असे. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग गावोगावच्या पोलीस पाटलांचे रिपोर्ट. बहुतेक रिपोर्ट बांध कोरल्याचे, नाहीतर गुरं दुसऱ्याच्या नाचणीत शिरल्याचे. त्या दिवशी आंबेनळीच्या बाजूच्या एका वाडीचा पाटील आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"साहेब, खून झालाय."

मी टाक उचलला. "कुठे?"

"हालंडात."

मला हसू आलं, पण पाटील हसत नव्हता. त्याला बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

वाडीतला एक तरुण मुंबईत एका डच इंजिनिअर साहेबाकडे स्वयंपाकी होता. साहेबाची इथली नोकरी संपली तेव्हा तो याला आपल्याबरोबर हॉलंडला घेऊन गेला. माणूस निरक्षर. पण रॉटरडॅम बंदरात कोकणातले खलाशी उतरत, त्यांच्यापैकी कुणाकडून तरी तो मराठीत पत्र लिहवून घेई. दर दोन-तीन महिन्यांनी वाडीत त्याची खुशाली येई. मग सहा महिने काहीच आलं नाही आणि आठ दिवसांपूर्वी एक पाकीट आलं. अक्षर अनोळखी, लिपी इंग्रजी आणि कोपरा फाडलेला.

आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी कळवायची तर पत्राचा कोपरा फाडून टाकतात. तसं पत्र घरात नेत नाहीत. वाचून झालं की फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. इथे वाचणार कोण? म्हाताऱ्या बापाने कोपरा पाहिला, वाडीच्या वेशीवरच आतला कागद काढला, फाडला आणि ओढ्यात सोडून दिला. घरात रडारड झाली. साहेबानेच काहीतरी बरंवाईट केलं असणार, अशी म्हाताऱ्याची तक्रार होती. त्या दिवसापासून तिसऱ्या दिवशी, प्रेत नसलं की करतात तसा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं ठरलं होतं.

"आन् त्येची बायको?" पाटील म्हणाला. "ती बांगड्या फोडून द्यायला तयार नाय. इळा घेऊन गोठ्यात बसलीय. तुमी चला, साहेब. नायतर दुसरा खून खराच व्हईल."

दुपारी आम्ही वाडी चढलो. बाई गोठ्याच्या दारात बसली होती, पंचविशीची असेल. विळा मांडीवर होता. मी लांबच बसलो. बायामाणसांचा जबाब घ्यायचा तर आपण आधी खाली बसावं, असं मी नोकरीत शिकलो होतो.

"कागुद कुनी वाचला?" तिने मलाच विचारलं. "कुनीच नाय. मग त्यो मेला ह्ये ठरवलं कुनी?"

म्हातारा अंगणातून म्हणाला, "साहेब, मला काय हौस हाय? पोरगा माजा. तिकडं त्येला कुनी खांदा दिला का नाय ठावं नाय. इथून तरी त्येला पानी नको मिळायला?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून मला जास्तच अवघड झालं. मग बाईने ओटीतून एक चुरगळलेलं पाकीट काढलं. सासरा कागद फाडत असताना खाली पडलेलं पाकीट तिने लपवून ठेवलं होतं. पुढच्या बाजूला वाडीचा पत्ता होता. मागच्या बाजूला पाठवणाऱ्या मडमेचं, म्हणजे साहेबाच्या बायकोचं, नाव आणि रस्ता होता. गावाचं नाव मात्र फाटलेल्या कोपऱ्याबरोबर गेलं होतं.

धार्मिक विधी थांबवायचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण म्हाताऱ्याने खुनाची तक्रार केली होती. मी चेहरा गंभीर करून सांगितलं, "संशयित मृत्यूची चौकशी चालू असताना प्रेताला अग्नी देता येत नाही. पुतळा म्हणजे प्रेतच. आधी पुतळ्याचा पंचनामा होईल, मग दहन. मी येईपर्यंत कुणी काडी लावायची नाही." असला कायदा कुठल्याही पुस्तकात नाही. माझा जमादार दुसरीकडे तोंड करून खोकत राहिला.

वरच्या वाड्यांचं टपाल घाटाच्या पायथ्याशी एका दुकानात ठेवलेलं असे. बाजाराला उतरलेलं कुणीतरी ते वर नेई. मी दुकानदाराला चौकीवर आणला आणि विचारलं, पाकीट तुझ्याकडे आलं तेव्हा धड होतं की फाटलेलं? तो म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, फाटलेलंच असेल. मग म्हणाला, टपालवाल्याला विचारा. मी तोच प्रश्न तीनदा विचारला आणि नंतर गप्प बसलो. खोटं बोलणाऱ्या माणसाला शांतता सोसत नाही. त्याने उपरण्याची दशी पिळायला सुरुवात केली.

"त्या बाईच्या बांगड्या परवा फुटणार आहेत," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. "साहेब, कोपरा मीच फाडला. तिकीट नवं दिसलं म्हणून."

"तुला तिकीट कशाला रे?"

"मला नाही, साहेब. तुमच्यासाठी."

परदेशी तिकिटं जमवायचा मला नाद होता. कधीतरी चहा पिताना त्याच्या दुकानात मी तसं बोललो असेन. तेव्हापासून तो वाडीवाल्यांकडून हॉलंडची तिकिटं मागून घेऊन माझ्या शिपायाबरोबर पाठवत असे. हे तिकीट वेगळ्या देशाचं निघालं, शिपाई निघायच्या घाईत होता, म्हणून दुकानदाराने कोपराच फाडून दिला.

"कोपरा फाडल्याचा अर्थ तुला माहीत नाही?"

"कार्डाचा माहीत आहे, साहेब. विलायती पाकिटालाही कुणी तो अर्थ लावील, असं वाटलं नाही."

त्याच्यावर ओरडायला मला तोंड नव्हतं. तिकिटं ठेवायचा माझा पत्र्याचा डबा चौकीतच होता. पाण्यात भिजवून तिकीट कागदापासून सोडवायचं असतं, पण आळसापोटी मी ते नीट न बघताच तसंच ठेवलं होतं. माझ्या आळसाचा मला एवढा आनंद पुन्हा कधी झाला नाही. पाकिटाला कोपरा लावून पाहिला, तंतोतंत बसला. मागे गावाचं नाव होतं आणि खाली देश होता: जर्मनी.

आता नवाच पेच पडला. माणूस हॉलंडात, मग मडम जर्मनीत कशी? साहेब खरंच काही करून पळाला की काय? घोडं काढून महाडचं तार ऑफिस गाठलं आणि जोडलेल्या पत्त्यावर तार केली: तुमचा स्वयंपाकी जिवंत आहे का, ताबडतोब कळवा.

दोन दिवस जेवण जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तार आली. इंग्रजीत चारच शब्द होते: जिवंत आहे, प्रकृती उत्तम.

मी धावतच वाडी चढलो म्हटलं तरी चालेल. अंगणात पळसाच्या पानांचा ढीग पडला होता. मी तार वाचून मराठीत सांगितली. बाई म्हणाली, "पुन्यांदा वाचा." मी पाच वेळा वाचली. म्हातारा खांबाला धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. तेव्हाच मी कोपऱ्याची हकीकत सांगून टाकली. नंतर सांगायचा धीर झाला नसता.

बाईने हात पुढे केला. "त्ये तिकीट आमचं हाय. द्या."

मी दिलं. तिने ते पाकिटात घालून ओटीत ठेवलं. म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि पानांचा ढीग पुढे ओढला. "पानं तर काडलीच हायती. पत्रावळी लावतो. जेवल्याबिगर जाऊ नका." त्याच पानांवर आम्ही भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लं. इतकं चवीचं जेवण मी क्वचितच जेवलो असेन.

महिन्याभराने मडमेचं सविस्तर पत्र आलं. दुकानातून ते मी स्वतः वर नेलं आणि वाचून दाखवलं. हॉलंडात साहेबाला मनासारखं काम मिळेना. सीमेपलीकडे जर्मनीत कारखाने चालू होते. तिचा दीर आधी तिकडे राहायला गेला, मग नणंदेचं कुटुंब, मग हे दोघे. तिच्या गल्लीतली पाच-सहा घरं त्याच गावात येऊन राहिली होती. तिथे बंदर नाही, खलाशी नाहीत, मराठी लिहिणारं कुणी नाही, म्हणून आधीचं पत्र तिनेच लिहिलं होतं. तुमचा माणूस खुशाल आहे, पुढच्या वर्षी परत पाठवतो, एवढंच त्यात होतं.

बाई ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी गोऱ्यांच्यात पन एक गेला का मागनं सगळी आळी जाती. आमची ममईला जातात तशी."

या प्रकरणाची मी डायरीत "तक्रार खोटी नव्हे, गैरसमजातून" अशी नोंद केली आणि तिकिटांचा डबा बंद केला, तो कायमचा. दुकानदाराकडे मी काही मागितलं नव्हतं, नुसती आवड बोलून दाखवली होती. पण अंगावर खाकी असली की आपली आवडसुद्धा समोरच्याला हुकूम वाटते. हे मला कुठल्याही ट्रेनिंगात कुणी शिकवलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. ते दुसरं पत्र मी तिच्या हातात दिलं, तेव्हा तिने लगेच उघडलं नाही. पाकीट मांडीवर ठेवून चारही कोपरे एकेक करून बोटांनी चाचपले. मग ते माझ्याकडे देत म्हणाली, "हां. आता वाचा."