मध्यंतरापर्यंतचं मत

"मग त्या रखमाजीनं सुनेच्या पायांवर पाणी घातलं, हे तू बघितलंस कुठं?" अर्जुनरावांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी दिवेलागणीच्या चहाची बशी खाली ठेवून विचारलं.

"सांगितलं ना एकदा, नाही बघितलं म्हणून."

"मग सगळ्या चाळीला सांगितलंस कशाला?"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं."

"विचारलं म्हणून! उद्या कुणी विचारलं, अर्जुनरावांना कंपनीनं फोरमन केलं का, तर हो म्हणून सांगशील?"

"ते कुणी विचारत नाही," कौशल्या म्हणाली आणि परातीतलं पीठ पुढं ओढलं.

बाजेवर बसलेल्या गिरजाबाईंना हसू फुटलं. मग हा आपलाच मुलगा आहे हे आठवून त्यांनी त्या हसण्याचा खोकला केला.

अर्जुनराव बागल चिंचवडच्या एका कंपनीत लेथ मशिनवर होते. त्या आठवड्यात पहिली शिफ्ट होती. साडेतीनला सुटायचं, चारला घरी. एरवी घरी येऊन चहा घेतला की ते वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे होत. आज मात्र कॅन्टीनमध्ये चारचौघांत कुणीतरी मोठ्यानं विचारलं होतं, "काय राव, वहिनींना हाफ तिकीट देतात म्हणं टॉकीजवाले?" आणि टेबलावरचे सगळे हसले होते. हसण्याचं कारण अर्जुनरावांना दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागलं. त्यांना जास्त झोंबलं होतं ते हेच.

कारण असं होतं.

लग्न होऊन करमाळ्याकडून कौशल्या इथं आली त्याला अकरा वर्षं झाली होती. आली तेव्हा चाळीच्या मागं ज्वारी होती, आता पत्र्याच्या शेड होत्या. बारा खोल्यांना नळ एक. पाणी संध्याकाळी पावणेपाचला येई आणि साडेपाचला, कुणाचा हंडा अर्धा आहे की पाऊण याची चौकशी न करता, जाई. सोन्यासारखा नवरा, कंपनीचा पगार, सगळं खरं. पण पावणेपाचला नळावर जी बाई नाही तिचं घर दुसऱ्या दिवशी कोरडं.

स्टेशनजवळच्या टॉकीजला दुपारचा खेळ तीनला लागे. मध्यंतर व्हायचं चार वीसला. टॉकीज ते चाळ पंधरा मिनिटं, पाय उचलून चाललं तर बारा. कौशल्याला पिक्चरचं वेड वगैरे नव्हतं. महिन्यातून एखादा, कधी दोन. पण लागला की जायची, एकटीसुद्धा जायची, आणि मध्यंतराची पाटी पडली की चप्पल पायात सरकवून उठायची. डोअरकीपर पडदा वर धरून म्हणायचा, "चालला का वहिनी?" आणि ती म्हणायची, "चालले. पुढचं तुम्ही बघा."

पहिल्यांदा हे झालं तेव्हा नळावर कुणीतरी विचारलं, "मग शेवटी काय झालं गं?" अख्खं तिकीट काढून अर्धाच पिक्चर बघितला हे सांगायची तिला लाज वाटली. तिनं क्षणभर विचार केला आणि जे व्हायला पाहिजे होतं ते सांगितलं. बायकांना पटलं. पुढच्या वेळी तिनं आधीच, चालताना, शेवट ठरवून ठेवला. टॉकीज ते नळ एवढ्या अंतरात चांगला शेवट बसत असे.

अशी दहा वर्षं गेली. तिच्या शेवटांत फारसं कुणी मरत नसे. खाष्ट सासवा, दारुडे नवरे, सावकार, बाहेरख्याली जमीनदार, सगळे शेवटी एकाच ठिकाणी यायचे: त्यांना पाणी भरावं लागायचं. कुणी विहिरीवरून, कुणी नदीवरून. बायका ऐकताना हंड्यावर बोटं वाजवायच्या. इतका न्याय त्यांना दुसरीकडं कुठं मिळत नव्हता.

आणि यंदा वर्तमानपत्रात आलं, वर्षातल्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या पारितोषिकासाठी अंतिम फेरीत तीन चित्रपट निवडले गेले आहेत. तिन्ही टॉकीजला लागून गेलेले. त्यातला ‘रखमाजीची सून’ मागणीवरून पुन्हा लागलेला. कोपऱ्यावरच्या कामगार वाचनालयाचा चिटणीस विलास हा उत्साही प्राणी. त्यानं रविवारी कार्यक्रम ठेवला, ‘पारितोषिक कुणाला?’ सहा प्रेक्षक, प्रत्येकी पाच मिनिटं. नळावरच्या बायकांनी एकमुखानं कौशल्याचं नाव दिलं आणि विलासनं फळ्यावर खडूनं लिहिलं: सौ. कौशल्याबाई अर्जुनराव बागल. सातवीनंतर आपलं नाव फळ्यावर बघायची वेळ तिच्यावर आली नव्हती. भाजी आणायला ती तीन दिवस मुद्दाम त्या कोपऱ्यावरून गेली.

तिची मतं तयारच होती. ‘वाकडा पिंपळ’ला सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते. तिनं तो एका वाक्यात निकालात काढला होता: "तीन गाणी झाली तरी त्या म्हशीची धार कुणी काढली नाही, म्हैस ओरडेल का नाही?" नायक शेतकरी, पण धोतराची इस्त्री मोडेना. ‘सात पायऱ्या’ प्रोफेसरच्या बायकोचा. ती बाई खिडकीत उभी राहून इतके उसासे टाकायची, की गॅसवरचं दूध उतू गेलं असणार या काळजीनं कौशल्याचं पिक्चरवरून लक्ष उडालं. पण एका जागी मात्र तिला घाम फुटला होता. ती बाई नवऱ्याचा शर्ट धुवायला घेते, खिशात दोन तिकिटं सापडतात, ती बघते आणि परत खिशात ठेवून शर्ट तसाच खुंटीला अडकवते. रडणं नाही, गाणं नाही. "हे ज्यानं लिहिलं त्याला कुणीतरी बाईनं सांगितलंय," असं ती म्हणाली होती.

पण पारितोषिक द्यायचं ते ‘रखमाजीची सून’ला. का, तर घागरीमुळं. "इतर पिक्चरमधल्या बायका रिकामी घागर घेऊन चालतात. कंबर ताठ. ही बाई वाकली होती, आणि चढावर तिनं घागर एकदा वर सरकवली. घागर भरलेली होती. हिनं आयुष्यात पाणी भरलंय."

हे ऐकून शेजारच्या सोजराबाई तीन बायका घेऊन मंगळवारी मुद्दाम सहाच्या खेळाला गेल्या. पाणी भरून, चुलीवरचं उरकून. शेवटी खडूस सासरा रखमाजी स्वतः विहिरीवर जातो, घागर आणतो आणि सुनेच्या पायांवर ओततो, हे बघायला चौघी सरसावून बसल्या. तर सूनच सासऱ्याच्या पायावर पडली आणि दिवे लागले. सोजराबाई उठल्या त्या थेट दारात. "शेवट का कापला?" त्यांनी डोअरकीपरला धरलं. "बायामानसं म्हून रीळ कापून दावता व्हय? मालकाला बोलवा!" मालक आला. त्यानं शपथ घेतली. चौघी ऐकेनात. शेवटी डोअरकीपरच्या डोक्यात उजेड पडला. "तुम्हाला हा शेवट बागलवहिनींनी सांगितला का? अहो, त्या तर मध्यंतरातच उठतात. नेहमीच!"

डोअरकीपरचा भाऊ अर्जुनरावांच्या खात्यात होता. बुधवारी दुपारपर्यंत ही गोष्ट कॅन्टीनमध्ये पोचली.

"मी उद्या विलासला सांगतो," अर्जुनराव म्हणाले. "तब्येत बरी नाही म्हणून. नाव पुसून टाकेल."

"माझी तब्येत बरी आहे."

"रविवारी कंपनीतली निम्मी माणसं असतील तिथं. पहिलाच विचारेल, वहिनी, शेवट सांगा. काय सांगशील?"

तीन दिवस कौशल्यालाही हेच टोचत होतं. कॅन्टीनमधलं हसणं नव्हे. फळ्यावर नाव आलं तेव्हापासूनच. नळावर सांगणं वेगळं होतं. तिथं चार बायकांचा जीव रमत होता आणि कुणाचं काही जात नव्हतं. पण सभेत उभं राहून, या पिक्चरला द्या आणि त्याला देऊ नका, असं म्हणायचं तर अर्ध्या भाकरीवरून पीठ वाईट म्हणण्यासारखं होतं. कोण जाणे, ‘वाकडा पिंपळ’मध्ये मध्यंतरानंतर म्हशीची धार काढली असेल.

तेवढ्यात दारात सोजराबाई उभ्या राहिल्या. अर्जुनरावांना वाटलं आता ही बाई भांडणार, आणि निदान एक माणूस आपल्या बाजूला येणार. त्यांनी स्वतः उठून पाट सरकवला.

सोजराबाई बसल्या नाहीत. "कौशल्याबाई, एक इचारायचं व्हतं. माझी नणंद चऱ्होलीवरनं आलीय. तिला पिच्चरची गोष्ट सांगायचीय. तर श्येवट कोनचा सांगू? तुमचा का त्यांचा?"

"त्यांचा सांगा. खरा तोच आहे."

"खरा आसंल. पर बरा न्हाई." सोजराबाईंनी पदर सावरला. "आमी चौघी वाटभर त्येच बोलत आलो. तुमचाच लागू पडतो."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले ना! काल रातच्याला लई रागावले. मग सकाळी हंडा उचलताना तुमचा रखमाजी आठवला आन हसू आलं. आता पिच्चरवाल्यावर राग हाय."

कौशल्या पिठाचे हात तसेच ठेवून पुढं सरकली. "नीट सांगा मला. सून पायावर पडते, ती का? काय घडतं मधे?"

"मधी? मधी सासरा आजारी पडतो. त्याचं पोरगं शेरात. ही माहेरी गेलेली, ती परत येती. रोज त्याला पाणी पाजती. म्हातारा एकदा पेला बघतो आन त्याच्या डोळ्याला पाणी येतं. बोलत न्हाई काय. मग ती पाया पडती."

"पेला बघतो? कसा बघतो?"

"आता कसा म्हंजी... आपल्या हातात भांडं दिलं की आपन बघतो का? न्हाई बघत. त्यो बघतो."

परातीतल्या पिठावर कौशल्यानं एक बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. तिच्या रखमाजीनं घागर ओतली होती ती सगळ्या गावासमोर. या रखमाजीनं नुसता पेला बघितला होता. कदाचित हा शेवट तिच्यापेक्षा चांगला होता. कदाचित नव्हताही, पायावर पडायची गरज नव्हती असं तिचं मन अजून म्हणत होतं. पण हे ऐकून कळण्यासारखं नव्हतं. त्या म्हाताऱ्याचे डोळे बघायला पाहिजेत.

"कधीपर्यंत आहे हा पिक्चर?"

"उद्यापतुर. शुक्रवारी बदलतोय म्हनं," सोजराबाई म्हणाल्या. "आन व्हय, उद्या तुमचे हंडे माझ्या मागंच लावा. नंबर धरते." आणि त्या गेल्या.

"सहाच्या खेळाला जा की मग," अर्जुनराव म्हणाले. त्यांचा आवाज आता बराच खाली आला होता. "हंडे भरून."

"सहाच्या खेळाला गेले तर तुमचं जेवण कोण वाढणार? आत्याबाईंची भाकरी सातला लागते."

"ते बी खरं हाय," गिरजाबाई म्हणाल्या.

"मग तीनलाच जा आणि थोडं आधी नीघ."

"थोडं आधीच निघतेय दहा वर्षं."

"मग पाणी?"

कौशल्यानं नवऱ्याकडं बघितलं. अर्जुनरावांनी ते बघणं ओळखलं आणि वर्तमानपत्र हातात घेतलं. "हे बघ, नळावर बाप्या माणूस उभा राहिलेला दिसला का तुला कधी या चाळीत? बारा बायकांत मी एकटा? कंपनीत परत तोंड दाखवायला नको मला!"

"आता तरी कुटं दाखवाय ऱ्हायलंय?" गिरजाबाई म्हणाल्या. "हाफ तिकीट म्हनत्यात न्हवं?"

"आई, तू मधे बोलू नकोस."

"न्हाई बोलत. तुजा बाप मातूर भरायचा पानी. माझ्या बाळंतपनात. अंधारात जायचा, कुनी बघू नये म्हून. समद्या गावाला ठावं व्हतं."

अर्जुनरावांनी वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं होतं हे त्यांच्या थोड्या वेळानं लक्षात आलं, पण आता ते सुलटं करणं म्हणजे हार होती.

कौशल्यानं भाकरी थापली. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. भाकरी फुगली. ताटं झाली. तिनं सासूला वाढलं, नवऱ्याला वाढलं, भाकरीवर तेल सोडलं आणि तव्याकडं बघतच, उद्याची भाजी कोणती ते सांगावं तशा आवाजात सांगितलं:

"मी उद्या तीनच्या खेळाला जाणार आहे आणि दिवे लागल्यावर उठणार आहे. पाणी पावणेपाचला येतं. तीन हंडे, दोन घागरी, पिंपात चार बादल्या. नंबर सोजराबाईंच्या मागं आहे. पहिलं पाणी गढूळ येतं, ते सोडून द्यायचं. आणि विलासला काही सांगायचं नाही. रविवारी मी बोलणार आहे."