लेझरपुढची उदबत्ती

जाहीर निवेदन! सातारा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातील सर्व स्त्री-पुरुष, पंखे, दारे आणि मांजरे यांस कळवण्यात येते की, पुढील सूचना मिळेपर्यंत हवेने जागचे हलू नये.

असा कागद खरंच कुणी चिकटवला नव्हता. पण मोजमाप विभागाचे आमचे साहेब दारात उभे राहून "हवा थांबवा!" म्हणाले की त्याचा अर्थ नेमका हाच असायचा. आता ते आमच्यात नाहीत. हळहळू नका, निवृत्त होऊन सांगलीला मुलीकडे असतात. मी स्टोअरमध्ये, म्हणजे हिंडायला आणि बघायला मोकळा.

त्यांचं काम असं, मशीनचा भाग नेमका किती सरकतो ते तपासायचं. मशीनच्या एका टोकाला लेझरचं यंत्र, दुसऱ्या टोकाला आरसा. किरण जाऊन परत येतो आणि अंतर सांगतो, तेही केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. पण वाटेत गरम-गार हवेची झुळूक आली की किरण डळमळतो आणि पडद्यावरचे आकडे नाचू लागतात. म्हणून पंखे बंद, दारं बंद, बाजूनं प्लॅस्टिकचे पडदे. तरी आकडे नाचायचेच, कारण हवा ढवळायला आम्ही होतो!

एके दिवशी साहेबांनी उदबत्ती आणली. धूर सरळ वर गेला तर हवा स्थिर, वळला तर कुठून तरी झुळूक येतेय. धूर बघायचा, उदबत्ती बाहेर कुंडीत खोचायची, मग मोजायला बसायचं. साधी युक्ती.

पण मशीनवर होता फौजी. सैन्यातून निवृत्त झालेला धिप्पाड ऑपरेटर. त्यानं उदबत्ती पाहिली, बूट काढले, हात जोडले. त्याचं बघून सगळ्यांनी जोडले. ट्रॉली ढकलणारा जागीच थबकला.

"अहो, हे..." साहेब बोलू लागले आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. आकडे गाढ झोपल्यासारखे शांत.

साहेबांनी तोंड मिटलं.

तिथून रोज तेच. साहेब उदबत्ती लावणार, आम्ही पुतळे होणार. फौजी तर सांगत सुटला, "सायेबाच्या हाताला लय गुण हाय गड्या!" साहेब मात्र दिवसेंदिवस आक्रसत गेले. कुणी प्रसादाचं खोबरं पुढं केलं की त्यांचा दात दुखायचा. दसऱ्याला मशीनची पूजा त्यांच्याच हातून करायची ठरली, तर पोट बिघडलं.

"काय महाराज, आज कोणता अवयव?" मी छेडायचो.

त्यांचे कान लाल व्हायचे. "थट्टा नको हो. फसवतोय मी या माणसांना."

"आकडे बसतायत ना?"

"तीच तर लाज आहे!"

मग फौजीच्या बायकोचं मिरजेला ऑपरेशन ठरलं. (बाई पुढे खडखडीत बऱ्या झाल्या, उगाच श्वास रोखू नका.) त्या सकाळी स्टँडवर जायच्या आधी फौजी हातात पिशवी घेऊन थेट आमच्याकडे आला.

"सायेब, आज एक तिच्या नावानं लावा. तुमच्या उदबत्तीला गुण हाय."

साहेबांच्या हातात काडेपेटी होती. काडी ओढली असती तर भागलं असतं. फौजीला धीर आला असता, आणि साहेबांचं सोंगही झाकलं गेलं असतं. मी मनात म्हणत होतो, ओढा हो, ओढा! पण त्यांचा हात उचलेना.

"फौजी," ते म्हणाले, "ती पूजा नव्हती. धुरावरून मी हवा बघतो. तुम्ही हात जोडून उभे राहायचात, हवा थांबायची, माझं काम व्हायचं. म्हणून गप्प बसलो. आज तरी मला तुमच्याशी खोटं वागवत नाही."

साहेबांची मान खाली गेली, ती वर येईना. ट्रॉलीवाला माझ्याकडे बघतोय, मी छताकडे. फौजीनं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा काडेपेटीकडे, आणि पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जाईल असा ओरडला,

"आवं, मग आज करा की पूजा! रोज हवेसाठी लावताय, येक दिस माझ्या बायकूसाठी लावा!"