विमलने मागितलेलं कलम

विमल गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. ‘आमच्या पूज्य मातोश्री...’ असं तिच्या मुलाने, संदीपने लिहिलं होतं. पूज्य म्हणे! भिंतीपलीकडची माझी मैत्रीण, आणि बातमी मोबाइलवर.

जुईनगरला आम्ही दोघी एकाच सुमारास राहायला आलो. तिचे यजमान न्हावा शेवाच्या बंदरात होते. ते गेले आणि संदीपची भाषा बदलली, मग हातही उठायला लागला. कामावर जाताना तो सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप घालायचा. मग मी जाळीबाहेर स्टूल टाकून बसायची, ती आत. धिरडी गुंडाळून जाळीतून द्यायची, तर म्हणायची, “मीठ विसरलंस गो बाय!” काय हसायचो आम्ही... आता धिरडी करावीशीच वाटत नाहीत.

एका रविवारी तिच्या दंडावर वळ दिसले आणि माझं डोकंच फिरलं. देवळात जातो असं संदीपला सांगून तिला थेट पोलीस ठाण्यात नेलं. साहेब भला माणूस. “काकू, टेन्शन घेऊ नका,” म्हणाला आणि संदीपला बोलावून बाकावर बसवलं. झालं! हिची चुळबुळ सुरू. “साहेब, त्याला शुगर आहे हो. उपाशी नका ठेवू. घरून डबा आणू का?” तक्रार लिहून होण्याआधीच “नको, माझं काही म्हणणं नाही,” म्हणून ही उठली. रिक्षात मी तिच्यावर चांगलीच चिडले.

त्या धाकाने काही दिवस कुलूप सुटलं. तेव्हा तिला सानपाड्याला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात घेऊन गेले. म्हाताऱ्यांना छळणाऱ्यांसाठी फौजदारी कायदा कडक करा, शिक्षा वाढवा, अशी चर्चा रंगली होती. विमल उभी राहिली. “शिक्षा वाढवाल हो, पण आई ‘नको’ म्हणाली तरी केस चालू राहील, असं कलम घाला. कारण मी परत ‘नको’च म्हणणार.”

आणि तसंच झालं. पुन्हा कुलूप लागलं तेव्हा मी पोलीस दारात आणून उभा केला. ही आतून हसत म्हणाली, “सगळं बरं आहे.” त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

परवा संघात पुन्हा तोच विषय निघाला. मी विमलची मागणी मांडली. एक गृहस्थ हसले, “अहो, कुठली आई असं मागेल?”

“सांग ना गं यांना,” म्हणत मी शेजारच्या खुर्चीकडे वळले... तिथे कुणीतरी पिशवी ठेवली होती.