सुभद्राचं बेणं

सुभद्रा गेल्याची बातमी मला सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर कळली. आमच्या गावाकडच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा. तिकिटांची पेटी काखेत धरून आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या शेजारची मंचरची गेली की. परवा रानातनं आली, छातीत कळ आली म्हनून उंबऱ्यात बसली, ती बसलीच." मी बाकावर मटकन बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते खरंच होतं. पण खोटं कशाला लिहू, त्या पाण्याच्याही आधी मनात आलं ते हे, की जाताना ही माझ्याबद्दल कुणाला काही सांगून गेली का... माझा स्वभावच तसा. दूधवाला गोड बोलला की मी आधी दूध निरखून बघते.

माढा तालुक्यातल्या त्या गावात माझं सासर, आणि तिथल्याच शाळेत मी मास्तरीण. सुभद्राचं रान आमच्या रानाला लागून, दोघांत मिळून एक विहीर. तिचं माहेर मंचरकडचं. लग्न होऊन वीस वर्षं झाली, लेकाचं लग्न झालं, तरी गावाला ती 'मंचरची'च. तिच्या माहेरी म्हणे बटाटा पिकायचा, ज्वारीसारखा रानभर. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. आमच्याकडे बटाटा म्हणजे उपवासाला बाजारातून आणायची वस्तू. बहात्तरच्या दुष्काळात ती विहीर खोल खणली, पुढे मोटर बसली, तेव्हा हिनं नवऱ्याकडून विहिरीजवळचा एक तुकडा मागून घेतला. भावानं माहेराहून पोतं भरून बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, एस.टी.च्या टपावर टाकून आणलं आणि दसऱ्यानंतर ते मातीत गेलं.

आमच्या काळ्या रानात थंडीत जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि हिचं रान बघावं तर कायम ओलसर. दर आठवड्याला ही दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, हजर. मला वाटलं, नक्की आमच्या पाळीतलं पाणी घेते. मी शाळेतला खडू नेऊन विहिरीच्या दगडावर पाण्याच्या पातळीची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अक्का, खडू सरकारचा हाय नव्हं? जपून वापर." मी शरमले, पण रेघ मारायची थांबले नाही. पुढे ध्यानात आलं, की ती सरी भरून पाणी देतच नव्हती. वरंबा निम्मा भिजला की खोऱ्यानं माती ओढून सरी बंद करायची. बटाट्याला घोटभर पाणी वरचेवर लागतं आणि काढणीच्या आधी ते अजिबात तोडावं लागतं, नाहीतर साल धरत नाही, असं ती सांगायची. पाणी तोडल्यावर वरचा पाला वाळला तेव्हा मी मनात म्हटलं, गेलं पीक. महाशिवरात्रीच्या आधी तिनं माती उकरली आणि खालून टोपल्यावर टोपल्या निघाल्या. मला आनंद झाला नाही, हेही लिहूनच टाकते.

एकट्या घराचा माल नेण्यासाठी ट्रक कोण पाठवणार? सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं तिला कबूल केलं होतं, की आठ-दहा घरांनी लावलं तर गावात गाडी पाठवीन. ती इरेला पेटली. दुसऱ्या वर्षी भावाकडून जादा बेणं मागवलं, घरोघरी बोलली. सगळ्यात आधी मला दिलं. बाईंनी लावलं की बाकीच्या लावतील, हा तिचा हिशेब. मी विळीवर चिरायला बसले तेव्हा ती दारात उभी होती. "डोळा बघून काप. कापलेलं दोन दिस सावलीत सुकू दे, राख चोळ. पान्याला लावू नगंस."

आता बघा. मी जन्मभर स्वयंपाक केलेली बाई. चिरलेला बटाटा पाण्यात टाकला नाही तर काळा पडतो, हे मला कुणी शिकवायचं? मला वाटलं, हिला माझं काळं पडायला हवंय, म्हणजे गावात हिचंच चांगलं. ती गेल्यावर मी मोठं पातेलं भरून सगळ्या फोडी त्यात बुडवल्या. सकाळी कशा पांढऱ्याशुभ्र होत्या! तशाच लावल्या, वर सढळ हातानं पाणी दिलं. तीन आठवडे झाले तरी कुठे कोंब नाही. उकरलं तर घाण वासाचा लगदा.

मी विहिरीवर बोलले, शाळेत आलेल्या बायांपाशी बोलले. "स्वतःला चांगलं ठेवलं आणि मला कुजकं दिलं." बाईंचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. माझं उगवायची वाट बघत बाकीच्यांनी अजून लावलं नव्हतं, त्यांनी बेणं परत नेऊन दिलं. सुभद्रा माझ्या दारात आली. "अक्का, पान्यात घातलं हुतंस का?" मी नाही म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, "बरं," म्हणाली आणि गेली. ट्रक आला नाही. तिनं आपली पोती टपावर टाकून एकटीनं सोलापूरला नेली, त्या वर्षी आणि पुढे दर वर्षी.

वर्षभरानं शेतकी खात्याचे एक साहेब आले. शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बसवून बटाटा कसा लावायचा ते सांगू लागले. फोडी भाजीसारख्या पाण्यात टाकल्या तर कुजणारच, असं ते म्हणाले आणि बायका हसल्या. मी मागे भिंतीला टेकून उभी. सुभद्रा सगळ्यांत पुढे बसली होती. तिनं मान वळवून मागे बघितलं नाही. एकदासुद्धा नाही. त्यानंही माझा संशयच वाढला. ही राखून ठेवतेय, चांगला मोका बघून सगळ्यांसमोर काढणार... त्याच वर्षी माझी सोलापूरला बदली झाली आणि मी सुटले, असं मला वाटलं. पुढे कधी भेट झाली तर ती सुनेचं बोलायची, गुडघ्याचं बोलायची. ते मात्र कधी काढलं नाही, आणि मीही नाही.

तिच्या दहाव्याला गेले. माजघरात आठ-दहा बायका बसल्या होत्या. सुनेनं, मंदानं, खाटेखालून गोणपाट झाकलेली एक टोपली ओढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत बेण्याचे बटाटे, कोंब फुटलेले.

"हे तुमचं, अक्का."

"माझं? मी कधी सांगितलं होतं?"

"तुमी न्हाय की. दर वर्सी काढून ठेवायच्या. अक्का मागाय आली की द्यायचं, आपनहून न्हेऊन द्यायचं न्हाय, म्हनायच्या. तुमी आला न्हाईसा की आमी उकडून खायचो."

"का ठेवायची, ते काही बोलली?" माझ्या जिवाला तेव्हाही तेवढीच काळजी.

"इचारलं हुतं. अक्काला ठावं हाय, म्हनाल्या."

मला हुंदका आवरेना. पाच वर्षं ती माझी वाट बघत होती, आणि पाच वर्षं मी तिची चाहूल घेत होते. त्या बायांसमोर मी सांगितलं, की बेणं चांगलं होतं, ते मी पाण्यात घातलं होतं आणि तिला तोंडावर खोटं बोलले. त्यांतली एक माझ्याकडे निरखून बघत राहिली. आता सांगण्यात हिचा काय डाव असेल, असंच तिला वाटलं असणार.

मग मंदाला म्हटलं, "दे मला."

टोपली मी सोलापूरला आणली. कंडक्टर टपावर टाका म्हणत होता, मी मांडीवरच घेऊन बसले. दिराला निरोप धाडलाय, विहिरीजवळच्या दोन सऱ्या मोकळ्या ठेव म्हणून. त्याचा उलटा निरोप आलाय, एकाएकी बटाटे कशाला? रविवारी जाऊन त्यालाही सगळं सांगायचं आहे.