विमानासाठी बांधलेला हार

तंजावरकडच्या आमच्या गावात, चक्रपाणीच्या देवळाजवळ, नागलक्ष्मीचं फुलांचं दुकान आहे. ती इथल्या आमच्याच मराठी मंडळींतली. नवरा गेल्यापासून एकटी दुकान सांभाळते. गावात नवी बस येवो की ट्रॅक्टर, त्यावर पहिला हार तिचा. मात्र एकाच्या नावाने बांधलेला हार ती दुसऱ्याला घालू देत नाही. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी जादा हार मागितला, तर म्हणाली, "तुम्ही पुन्हा बोहल्यावर चढा, मग बांधते."

यंदा तंजावरजवळ हवाई दलाचं प्रदर्शन भरलं. तिथल्या स्वागताचं काम आमच्या मराठी मंडळाकडे होतं. मंडळाचा सेक्रेटरी रविशंकर दुकानात आला. "अक्का, लढाऊ विमानाला हार हवा. तुमच्याशिवाय कोण बांधणार?"

ती हरखली. मी तिथेच बसले होते, तिला माझ्या फोनवर विमान दाखवलं.

"हे आकाशातही लढतं नि खाली बॉम्बही टाकतं?"

"दोन्ही कामं एकच करतं."

"म्हणजे माझ्यासारखंच. घरही नि दुकानही."

केळीच्या सोपटाच्या दोरीत तिने शेवंती नि तुळस गुंफली. तार नाही, टाचणी नाही. हार उचलायला आम्ही दोघी लागलो.

प्रदर्शनात दोरीपलीकडे ते राखाडी विमान उभं होतं. तिथल्या तरुण अधिकारी मुलीने हात जोडले. "आजी, फुलं आत नेता येत नाहीत. पाकळी इंजिनात गेली तर घात होईल. मंडळाला आम्ही आधीच कळवलं होतं."

नियम बरोबरच होता. पण रविशंकरला तो ठाऊक होता, आणि तरीही त्याने विमानाचं नाव सांगून हार बांधून घेतला! "ठेवून देतो" म्हणत त्याने तो आमच्या हातून घेतला आणि थोड्याच वेळात हार दुपदरी करून मंचावर प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यात घातलेला दिसला. फोटो निघत होते.

नागलक्ष्मी तडक मंचावर चढली. "हा हार विमानाचा आहे. काढा."

"अक्का, शोभतं का हे?" रविशंकर दातओठ खात म्हणाला. "फुलं ती फुलंच."

"मग बाजारातून आण की दुसरी!"

पाहुणे बिचारे ओशाळले. त्यांनी स्वतःच हार काढून तिच्या हातात दिला. दोरीबाहेर उभी राहून, विमानाच्या नाकाकडे तोंड करून, तिने तो दोन्ही हातांनी उंच धरला. मी खालून आधार दिला. मग परतताना तो कावेरीत सोडला.

आता रविशंकर घरोघर सांगतो, तिने मराठी लोकांची अब्रू घालवली. मी त्याला देवळातच गाठलं. "पाहुण्यांसाठी हवा होता, तर तसं सांगायचंस. तोही तिने तितक्याच मनाने बांधला असता. खोटं का बोललास?"

"काकू, एवढ्याशा फुलांवरून..." म्हणत तो चप्पल शोधू लागला.

माफी त्याने अजून मागितलेली नाही. अब्रू कोणी घालवली, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.